अलाबामाचे क्वार्टरबॅक आणि आमच्या घरचा वाद



आमच्या घरात एक वाद २०१८ सालापासून चालू आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. लेक-जावई अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला असतात, हे नातेवाइकांना माहीतच आहे. नातू तिथून अडीच तासांवर टस्कालूसाला, अलाबामा विद्यापीठात शिकला. त्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे तिथल्या लोकांचं ग्रामदैवत. स्टेडियममध्ये एक लाख माणूस बसतं! गावाची वस्ती साधारण तेवढीच असेल. आणि वाद असा, की अलीकडच्या काळातला त्यांचा सर्वांत चांगला क्वार्टरबॅक कोण?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा-अकरा जणांचे संघ, चेंडू लांबट, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो कुणाकडे द्यायचा, लांब फेकायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात ते वेगळंच. मला सुरुवातीला ही नुसती मारामारी वाटायची. नातू म्हणाला, "आजी, तू फक्त त्या एकाकडे बघ." तसं बघायला लागले आणि खेळ कळायला लागला.

वादाचा काळ म्हणजे निक सेबन प्रशिक्षक असतानाचा. २००७ ते २०२३ असे सतरा हंगाम ते तिथे होते, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. एवढ्या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं: २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२०. (हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि अंतिम सामना पुढच्या जानेवारीत, त्यामुळे सालांचा घोळ होतो. मी इथे हंगामाचं साल धरलं आहे.)

जावईबापूंचा उमेदवार ए. जे. मॅकॅरन. युक्तिवाद सरळ आहे, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं ज्याच्या हातून आली तो मोठा. कारकिर्दीत ९,०१९ यार्ड फेक, सुरुवातीपासून खेळलेल्या ४० सामन्यांत ३६ विजय. आकडे खोटे नाहीत. पण इतिहास शिकवलेल्या बाईपुढे नुसते आकडे ठेवून चालत नाही! २०११चा अंतिम सामना अलाबामाने एलएसयूविरुद्ध २१-० असा जिंकला, त्यात पाच वेळा गुण आले ते चेंडू लाथेने खांबांमधून मारून. मॅकॅरनच्या फेकीवर एकही टचडाउन नव्हतं. त्या काळात सेबन सामने जिंकायचे ते बचावावर. समोरच्याला काही करूच द्यायचं नाही, आणि आपल्या क्वार्टरबॅकने घोळ घालायचा नाही, बस्स. २००९ साली ग्रेग मॅकलरॉय चौदाच्या चौदा सामने जिंकला, पण हाइजमन पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला चेंडू घेऊन पळणाऱ्या मार्क इंग्रॅमला. २०१५ला जेक कोकर क्वार्टरबॅक होता आणि हाइजमन मिळाला डेरिक हेन्रीला. तोही पळणाराच.

पुढे सगळीकडे खेळ वेगवान झाला आणि सेबननीही २०१४पासून आपली आक्रमणाची रीत बदलायला घेतली. वयाच्या साठीनंतर आपली पद्धत बदलणं सोपं नसतं, मी स्वतःवरून सांगते. त्यामुळे आधीच्या मुलांचे आकडे आणि नंतरच्या मुलांचे आकडे एका तराजूत टाकता येत नाहीत. पूर्वी पंचावन्न टक्के म्हणजे हुशार विद्यार्थी असायचा आणि आता पंच्याण्णववाला रडत घरी येतो, तसंच हे.

लेकीचं मत ब्राइस यंगला. हा अंगापिंडाने लहानखुरा, पण डोकं थंड. २०२१ साली ४,८७२ यार्ड आणि ४७ टचडाउन फेकी. अलाबामाच्या क्वार्टरबॅकला मिळालेला पहिला हाइजमन याचा. जो नेमथ, केन स्टेबलर यांच्यासारखे नावाजलेले क्वार्टरबॅक जिथून निघाले, तिथे हा मान २०२१पर्यंत कुणाला मिळाला नव्हता हे ऐकून मला नवल वाटलं. त्या वर्षी ऑबर्नविरुद्ध शेवटच्या दीड मिनिटात त्याने संघाला ९७ यार्ड नेऊन बरोबरी करून दिली आणि चार जादा डावांनंतर सामना २४-२२ जिंकला. पण राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या वाट्याला आलं नाही. जॉर्जियाविरुद्ध अंतिम सामना ३३-१८ गेला. चेंडू झेलणाऱ्यांपैकी एक चांगला गडी आधीच जायबंदी होता, दुसरा त्याच सामन्यात पडला. नुसतं कौशल्य बघायचं तर यंगच पहिला, हे मी लेकीला कबूल केलं आहे.

मॅक जोन्सचं कुणीच नाव घेत नाही, म्हणून मी घेते. दोघा नामांकितांच्या मागे तो वाट बघत बसला आणि २०२० साली, करोनाच्या वर्षात, तेराच्या तेरा सामने जिंकून दिले. फेकलेल्या शंभरातल्या ७७ फेकी झेलल्या गेल्या, तो त्या वेळचा विक्रम होता. अंतिम सामना ओहायो स्टेटविरुद्ध ५२-२४. जावईबापू म्हणतात, "आई, त्याच्या हाताखाली गडी किती चांगले होते ते बघा." मग मॅकॅरनच्या वेळचा बचाव कोणता वाईट होता?

आता खरा वाद. नातवाचा तुआ टॅगोवायलोआ आणि माझा जेलन हर्ट्स.

८ जानेवारी २०१८. मी तेव्हा हंट्सव्हिललाच होते. नातू सुट्टीवर घरी आलेला. अटलांटाला जॉर्जियाविरुद्ध अंतिम सामना. क्वार्टरबॅक अर्थातच हर्ट्स. टेक्ससचा मुलगा, वडील शाळेत फुटबॉलचे कोच. पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यापर्यंत संघ नेलेला, तिथे क्लेमसनशी सामना संपायला दोन मिनिटं असताना स्वतः तीस यार्ड पळून आघाडी घेऊन दिलेली, आणि एक सेकंद उरला असताना तो सामना ३५-३१ गेलेला. म्हणजे या मुलाला ती रात्र भरून काढायची होती. पण अर्ध्या वेळेला अलाबामा ०-१३ मागे. हर्ट्सच्या आठ फेकींपैकी तीनच झेलल्या गेल्या, एकूण २१ यार्ड. नातू उशी आपटत होता.

मध्यंतरानंतर संघ मैदानात आला तो तुआला घेऊन. हवाईचा, डावखुरा, पहिल्या वर्षाचा पोरगा. त्याने दोन टचडाउन फेकी केल्या आणि सामना बरोबरीत आणला. जादा वेळेत जॉर्जियाने तीन गुण घेतले. आमची पाळी आली तर पहिल्याच प्रयत्नात तुआला धरून सोळा यार्ड मागे पाडलं. आता टचडाउनला ४१ यार्ड. सगळं संपलं असं वाटलं. दुसऱ्या प्रयत्नात त्याने डावीकडे उंच, लांब फेक केली आणि डेव्हॉन्टा स्मिथ नावाच्या काटकुळ्या मुलाने पळता पळता ती झेलली. २६-२३! घरात नुसता कल्लोळ.

मी मात्र पडद्यावर हर्ट्सला शोधत होते. कॅमेऱ्याने त्याला दाखवलं तर तो हसत होता, तुआला मिठी मारत होता. २८ सामन्यांपैकी २६ जिंकलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याला सगळ्या देशासमोर बसवलं गेलं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मुलींच्या खो-खोचा संघ माझ्याकडे होता. तालुक्याच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात आमची कर्णधार फार लवकर बाद झाली. दुसऱ्या डावात मी तिला बसवलं आणि आठवीतल्या एका मुलीला घेतलं. आम्ही जिंकलो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ती कर्णधार दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आली नाही, आणि मी एकदाही तिला बोलावून विचारलं नाही. वाटायचं, येईल आपोआप. दहावी झाली, शाळा सुटली. सेबन चुकले असं मी म्हणत नाही, निर्णय बरोबरच होता. माझाही बरोबर असेल. पण त्या रात्री नातू नाचत होता आणि मला ती मुलगी आठवत होती.

नातवाचं म्हणणं, "आजी, तू मार्क वागणुकीला देतेस, खेळाला नाही." त्यात तथ्य आहे. तुआच्या फेकीत जी अचूकता होती ती हर्ट्सकडे तेव्हा नव्हती. तुआने कारकिर्दीत ८७ टचडाउन फेकी केल्या, तो अलाबामाचा विक्रम. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमरेचा सांधा दुखावला नसता तर आणखी झाल्या असत्या.

पण ऐका पुढचं. २०१८च्या हंगामात क्वार्टरबॅक तुआ झाला. सगळ्यांना वाटलं हर्ट्स दुसरीकडे जाणार. तो गेला नाही. १ डिसेंबर २०१८, पुन्हा अटलांटा, तेच स्टेडियम, पुन्हा जॉर्जिया, कॉन्फरन्सचा अंतिम सामना. शेवटच्या सत्रात अलाबामा सात गुणांनी मागे आणि तुआचा घोटा दुखावला. हर्ट्स आत आला. एक टचडाउन फेकून बरोबरी केली, आणि शेवटचं एखादं मिनिट उरलं असताना स्वतः पंधरा यार्ड पळत जाऊन ३५-२८ असा सामना जिंकून दिला. त्याच महिन्यात त्याने पदवी घेतली, आणि मगच ओक्लाहोमाला गेला. तिथे २०१९च्या हाइजमनच्या मतदानात दुसरा आला.

आज असं घडेल का, मला शंका आहे. २०२१च्या जुलैपासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात आणि विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. मुलांच्या कष्टाचे पैसे मुलांना मिळाले हे योग्यच झालं. पण दुसऱ्या क्रमांकावर बसून वर्ष काढणारा क्वार्टरबॅक आता विरळाच.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. टस्कालूसाला नातवाने मला फॉस्टर ऑडिटोरियम दाखवलं. ११ जून १९६३ रोजी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच इमारतीच्या दारात उभे राहिले होते, कशासाठी, तर व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश घेता येऊ नये म्हणून. त्याआधी १९५६ला ऑथरिन लूसी हिला प्रवेश मिळाला आणि जमाव चालून आला म्हणून जमावाऐवजी तिलाच काढलं! समोर आता या तिघांच्या नावाचा चौक आणि मनोरा आहे. फुटबॉल संघात कृष्णवर्णीय मुलं यायला १९७० उजाडलं, आणि तरीही क्वार्टरबॅकची जागा "डोक्याची" म्हणून त्यांना सहसा देत नसत. पळा, झेला, धडका द्या, पण विचार आम्ही करू. (हा विचार आपल्याला अगदीच अनोळखी नाही.) त्याच विद्यापीठात साठ वर्षांच्या आत वाद काय, तर हर्ट्स श्रेष्ठ, हवाईचा सामोअन वंशाचा तुआ श्रेष्ठ की यंग श्रेष्ठ. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. त्याच्यासाठी ती इमारत रोजच्या वाटेवरची होती.

असो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तुआला २०२० साली मायामीने पाचव्या क्रमांकावर निवडलं, हर्ट्सला फिलाडेल्फियाने त्रेपन्नाव्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये हर्ट्स सुपर बोल ३८-३५ असा हरला. २०२५ला पुन्हा त्याच कॅन्सस सिटीविरुद्ध अंतिम सामना. आपल्याकडे १० फेब्रुवारीची पहाट. मी पाचला उठून चहा घेऊन बसले, तिकडून नातू फोनवर. तिसऱ्या सत्रात हर्ट्सने ४६ यार्डांची उंच फेक केली आणि टचडाउनच्या हद्दीत ती झेलली तो गडी डेव्हॉन्टा स्मिथ. तोच, अटलांटाचा! फिलाडेल्फिया ४०-२२ने जिंकलं आणि सामन्याचा मानकरी हर्ट्स ठरला.

नातू म्हणाला, "आजी, पण हे कॉलेजमधलं नाही, हे धरायचं नाही."

मी म्हटलं, "बरं बाबा, नको धरू." आणि दुसरा कप चहा टाकला.