अनुस्फुरक बहुवारिक रंजके

अनुस्फुरक बहुवारिक रंजके : कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणाऱ्या (अनुस्फुरक) अनेक घटकांची एकाच लांब रेणुशृंखलेत गुंफण करून बनविलेली रंजके. प्रथिने, न्यूक्लिइक अम्ले इ. जैव रेणूंना खूण म्हणून ती जोडतात. या रंजकांचा इतिहास वस्त्ररंजनाच्या इतिहासाशी निगडित आहे. रंग पक्का बसावा, हव्या त्याच जागी बसावा आणि उठून दिसावा, या सूत रंगविणाऱ्याच्या तिन्ही अपेक्षा जैव रेणूंना खूण करणाऱ्याच्याही असतात.

वस्त्ररंजनाची पार्श्वभूमी : सोलापूर येथे १८७७ मध्ये सूत व कापडाची गिरणी स्थापन झाली. गिरण्यांबरोबरच तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांच्या मागांवर तेथील वस्त्रोद्योग वाढला. सोलापुरी चादरीवरील नक्षी छापलेली नसते. आधी रंगविलेले सूत जॅकार्ड यंत्रणेच्या साहाय्याने विणून ती उमटवितात. एका सुताचा रंग शेजारच्या पांढऱ्या सुतावर उतरल्यास नक्षी बिघडते. म्हणून या धंद्यात रंगाच्या पक्केपणाला फार महत्त्व आहे.

विल्यम हेन्री पर्किन (१८३८–१९०७) यांनी १८५६ मध्ये मॉव्ह हे संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेले) रंजक तयार केले. १८८४ मध्ये काँगो रेड हे कापसावर सरळ चढणारे रंजक निघाले. १९२२ मध्ये तेच ॲमिलॉइड या रोगजन्य प्रथिन-साठ्याच्या परीक्षेसाठी उपयोगात आणले गेले. १९५६ मध्ये बाजारात आलेली विक्रियाशील रंजके सेल्युलोजाशी सहसंयुजी बंधाने जोडली जातात. त्यांतील डायक्लोरोट्रायझीन हा जोडणारा गट पुढे फ्ल्युओरेसिनालाही बसविण्यात आला व प्रथिनांना खूण करण्यासाठी त्याचा उपयोग झाला. कापड शुभ्र दिसावे म्हणून वापरले जाणारे कॅल्कोफ्ल्युओर व्हाइट हे अनुस्फुरक द्रव्यही असेच प्रयोगशाळेत आले. ते बुरशीच्या कोशिकाभित्तीतील कायटिनाला चिकटते. शेतकाम करताना डोळ्याला इजा होऊन जडणाऱ्या बुरशीजन्य रोगाचे निदान त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली लवकर करता येते.

महाराष्ट्रात रंजकांच्या रसायनशास्त्राचा पाया मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागात (स्थापना १९३३) घातला गेला. तेथील कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१–८१) यांचा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला व जगभर प्रमाणभूत मानला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

अनुस्फुरक खुणा : जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स (१८१९–१९०३) यांनी १८५२ मध्ये अनुस्फुरणाचे विवेचन केले, तर १८७१ मध्ये आडोल्फ फोन बेयर (१८३५–१९१७) यांनी फ्ल्युओरेसीन तयार केले. अमेरिकेत ॲल्बर्ट कून्स (१९१२–७८) व त्यांचे सहकारी यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना (विशिष्ट बाह्य पदार्थाशीच निगडित होणाऱ्या प्रथिनांना) अँथ्रॅसिनाचे अनुजात जोडले. त्याचा निळा प्रकाश ऊतकांच्या (कोशिकासमूहांच्या) स्वतःच्या निळसर प्रकाशात लपून जाई. म्हणून त्यांनी हिरवा प्रकाश देणाऱ्या फ्ल्युओरेसिनाचा अवलंब केला.

उजळपणाची मर्यादा : रंजकाचा उजळपणा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : ते किती प्रकाश शोषते आणि शोषलेल्यांपैकी किती प्रकाशकण परत देते. फ्ल्युओरेसीन शोषलेल्या दर दहा प्रकाशकणांमागे सु. नऊ परत देते. तेव्हा या बाबतीत सुधारणेला फारसा वाव नाही. शोषण वाढवावे म्हणून एकाच प्रतिपिंडाला फ्ल्युओरेसिनाचे अनेक रेणू जोडले, तर जवळ आलेले रेणू एकमेकांचा प्रकाश विझवितात. याला स्वशमन म्हणतात. शिवाय प्रतिपिंडाची आपले लक्ष्य पकडण्याची शक्तीही कमी होते.

निसर्गात या अडचणीवर उपाय आढळतो. तांबड्या शैवलांतील फायकोएरिथ्रीन या प्रथिनात अनेक वर्णघटक ठराविक अंतरावर पक्के धरलेले असतात व त्यामुळे ते एकमेकांस विझवीत नाहीत. १९८२ पासून हे प्रथिन खुणेसाठी वापरात आले. मात्र ते आकाराने मोठे असून तीव्र प्रकाशात लवकर फिके पडते.

बहुवारिकांचा उपयोग : १९७७ मध्ये ॲलन हीगर, ॲलन मॅक्डिआर्मिड व हिदेकी शिराकावा यांनी संयुग्मी (एकाआड एक द्विबंध असलेल्या) बहुवारिकांची विद्युत् संवाहकता दाखविली, या कार्याबद्दल त्यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा शृंखलेत कोठेही शोषलेली ऊर्जा शृंखलेवरून पुढे सरकू शकते. त्यामुळे संपूर्ण शृंखला प्रकाश गोळा करते. ही बहुवारिके पाण्यात विरघळावीत म्हणून त्यांना जलस्नेही पार्श्वशृंखला जोडतात. या तत्त्वावरील ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ हे रंजक २०१२ च्या सुमारास प्रचारात आले. त्याची प्रकाश शोषण्याची क्षमता फ्ल्युओरेसिनाच्या सु. तीसपट आहे. दुसऱ्या पद्धतीत स्वतः प्रकाश न देणाऱ्या जलस्नेही शृंखलेवर नेहमीची रंजके मधे अंतर राखून बसवितात व स्वशमन टाळतात.

कोशिकेवर थोड्याच संख्येने असणारे रेणू ओळखण्यास अशी रंजके विशेष उपयोगी पडतात. लेसर किरणासमोरून एकेक कोशिका नेऊन तिच्यावरील खुणा मोजणाऱ्या उपकरणात त्यांचा वापर होतो. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरविताना तसेच उपचारानंतर उरलेल्या थोड्या रोगट कोशिका शोधताना अशा मोजणीचा आधार घेतात.

केवळ उजळपणा वाढवून मात्र भागत नाही. बहुवारिक रंजके परस्परांना चिकटून फसवी खूण देऊ शकतात. ते टाळण्यासाठी विशेष विद्राव वापरावे लागतात, तसेच न जोडले गेलेले रंजक वेगळे करून काढून टाकावे लागते. विक्रियाशील रंजकाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच विक्रिया करून सुटा राहतो आणि रंगाऱ्याला तो साबणाच्या उकळत्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. सुटा रंग सुतात राहिला, तर चादर बिघडते. कोशिकांत राहिला, तर निदान चुकते.