यंत्र आले, पोथी मागे राहिली : सेलूतून दिसणारा दुरुस्तीच्या लेखनाचा इतिहास

१/
लॅपटॉप बंद पडला की आपण दुरुस्तीचे दुकान शोधतो. दुकानदाराला ती विद्या कोठून मिळाली, हे मात्र विचारत नाही. दुरुस्तीचे ज्ञान लिहून ठेवावे का, कोणी लिहावे आणि कोणत्या भाषेत, या प्रश्नांना मराठवाड्यात शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. परभणी जिल्ह्यातील सेलू डोळ्यांसमोर ठेवून तो पाहू.

२/
विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला. सेलू हे त्यावरचे एक स्थानक. मुलूख कापसाचा, त्यामुळे सरकी वेगळी करणारी जिनिंग यंत्रे, तेलावर चालणारी इंजिने, शिवणयंत्रे, सायकली अशी यंत्रे या भागात येत गेली. यंत्र आले म्हणजे त्याचा बिघाडही आला.

३/
तेव्हा सेलू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर खाते निघाले आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी यांची पुस्तके देशी भाषेत आणण्याचा तो मोठा प्रयत्न होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण मराठवाड्यातील बहुसंख्य लोकांची घरची भाषा मराठी होती. इंग्रजीतील तंत्रज्ञान उर्दूत उतरले. ते मराठीत उतरवणारी तशी व्यवस्था संस्थानात उभी राहिली नाही.

४/
मग यंत्रे कोण दुरुस्त करीत असे? उस्ताद आणि त्याच्या हाताखालचा पोरगा. विद्या डोळ्यांनी घ्यायची, हातांनी गिरवायची, कानांनी ओळखायची. इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगणारे कारागीर याच शाळेतले. ही परंपरा थोर होती, पण तिला दोन मर्यादा होत्या. उस्ताद गेला की त्याचे बरेचसे ज्ञान त्याच्यासोबत जाई. शिवाय ज्ञान हेच पोट असल्याने ते झाकून ठेवण्याकडे कल असे. त्यात कारागिराचा दोष नव्हता. सांगून टाकलेल्या विद्येचा मोबदला त्याला कोण देणार होते?

५/
याच काळात कृष्णाकाठी निराळे घडत होते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याच्या ग्राहकांशी मराठीत बोलणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून नावारूपाला आले. यंत्र विकणाऱ्याने गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलावे, ही दृष्टी त्यामागे होती. बोलणारा मात्र कारखानाच होता. वापरणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहावे, हे पाऊल अजून दूर होते.

६/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून तंत्रशिक्षण पसरले. २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ने लाखो मराठी माणसांना संगणकासमोर बसवले. त्या अभ्यासक्रमाने संगणक वापरायला शिकवले. तो उघडायला शिकवणे हा त्याचा हेतूच नव्हता. उघडण्याची विद्या पुन्हा दुकानातल्या उस्तादाकडेच राहिली.

७/
आता कॅलिफोर्नियाकडे वळू, कारण लॅपटॉपच्या बाबतीत ही कोंडी तेथे फुटली. २००३ मध्ये काइल वीन्स हा महाविद्यालयीन विद्यार्थी आपला आयबुक संगणक दुरुस्त करू पाहत होता. त्याची दुरुस्ती-पुस्तिका त्याला कोठेही मिळेना. त्याने आणि त्याचा मित्र ल्यूक सोल्स याने स्वतःच यंत्र खोलले, सुटे भाग विकायला सुरुवात केली आणि खोलण्याच्या पायऱ्या छायाचित्रांसह लिहून फुकट उपलब्ध केल्या. हीच ‘आयफिक्सिट’. पुढे तिने मार्गदर्शिका लिहिण्याचे व सुधारण्याचे काम सर्वांना खुले केले. विद्यापीठांतील विद्यार्थी तांत्रिक लेखनाचा अभ्यास म्हणून अशा मार्गदर्शिका लिहू लागले.

८/
या लेखनाची शिस्त पाहण्यासारखी आहे. एका पायरीत एकच कृती. प्रत्येक पायरीला छायाचित्र. कोणता स्क्रू कोठून निघाला आणि त्याची लांबी किती, याची नोंद; कारण आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू घट्ट पिळला, तर तो मदरबोर्डला इजा करू शकतो. आधी चार्जर काढा, मग बॅटरीची जोडणी सोडवा. रिबन केबल ओढण्याआधी तिची खिटी उघडा. फुगलेली बॅटरी टोचू नका. चूक आढळली तर पुढचा वाचक ती दुरुस्त करतो. उस्तादाचा अनुभव येथे अनेकांच्या मालकीचा होतो.

९/
हे सर्वांना रुचले नाही. २००९ पासून ॲपलच्या यंत्रांत पाच पाकळ्यांचे वेगळेच स्क्रू दिसू लागले; त्यांना नेहमीचा पेचकस लागेना. ऑस्ट्रेलियातील एका तरुणाने लॅपटॉपच्या सेवा-पुस्तिका जमवून जगाला खुल्या केल्या होत्या. २०१२ मध्ये तोशिबाने प्रताधिकाराचा हक्क सांगून आपल्या पुस्तिका काढून टाकायला लावल्या. कंपनीची पुस्तिका ही कंपनीची मालमत्ता असते. स्वतः यंत्र खोलून, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली मार्गदर्शिका तशी नसते. लोकांनी लिहिण्याचे महत्त्व येथे कळते.

१०/
भारतात हा झगडा मोटारींपासून कायद्यापुढे आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळत नाहीत, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुढे अपिले झाली, पण मुद्दा मागे पडला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि मोटारी होत्या. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत ॲपलने निवडक यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिका ग्राहकांसाठी खुल्या केल्या.

११/
म्हणजे पुस्तिका खुल्या होत आहेत. भाषेचा प्रश्न उरतोच. कालची उर्दू जाऊन आज इंग्रजी आली, इतकाच फरक. शिवाय केवळ भाषांतराने भागणार नाही. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा, काळ्या रानाची धूळ, हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, विजेचा कमीजास्त होणारा दाब : लॅपटॉपचा पंखा का तुंबतो, थर्मल पेस्ट का वाळते, अडॅप्टर का जळतो, याची ही सेलूकडची कारणे आहेत. परदेशात बसून लिहिणाऱ्याला ती सुचणार नाहीत. ती येथल्याच दुकानात रोज दिसतात.

१२/
आयफिक्सिट सुरू झाली त्याच २००३ साली मराठी विकिपीडियाही सुरू झाला. मराठी माणूस एकत्र येऊन फुकट आणि नेटके लिहू शकतो, याचा पुरावा आपल्यापाशी आहे. विश्वकोशाच्या नोंदी लिहिणारे हात मिळाले. पेचकस धरणारे हात अजून लिहिते व्हायचे आहेत. त्यासाठी ग्रांथिक मराठी लागत नाही. बिजागरी, खिटी, पट्टी, पेच हे शब्द आहेतच. मदरबोर्ड, जॅक, केबल हेही आता आपलेच आहेत.

१३/
जिनिंग यंत्रे दुरुस्त करणाऱ्या त्या उस्तादांनी काय काय जाणले होते, हे आज आपल्याला सांगता येत नाही. त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता, छापखाना नव्हता, वाचक नव्हता. आजच्या कारागिराच्या खिशात हे तिन्ही आहे. एक बिजागरी बदलताना काढलेली दहा छायाचित्रे आणि त्यांखाली दहा साधी वाक्ये, एवढ्याने सुरुवात होते. शंभर वर्षांपूर्वी यंत्र आले आणि पोथी मागे राहिली. ती पोथी आता सेलूतच लिहिता येईल.