उत्तरवयातील विधी शिक्षण आणि वकिली (भारत)

उत्तरवयातील विधी शिक्षण आणि वकिली म्हणजे अन्य क्षेत्रात नोकरी वा व्यवसाय केल्यानंतर, अथवा सेवानिवृत्तीनंतर, कायद्याची पदवी घेऊन वकील म्हणून काम सुरू करणे होय. भारतात वकिलीच्या सनदेसाठी अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये किमान वय सांगितले आहे. कमाल वय मात्र सांगितलेले नाही. 'बार कौन्सिल ऑफ इंडिया' अर्थात भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९३ मध्ये सनदेसाठी आणि २००८ मध्ये विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी कमाल वयाची अट नियमांद्वारे घातली. यांपैकी पहिली अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तर दुसरी न्यायालयीन वादात सापडून स्थगित झाली.

त्यामुळे उशिरा कायदा शिकू इच्छिणाऱ्या व्यक्तीपुढील मुख्य अडचण वयाची नसून उपस्थितीची अट, पूर्णवेळ नोकरीवरील बंदी, सुरुवातीच्या वर्षांतील अल्प उत्पन्न आणि पुढील पदांसाठी लागणारा वकिलीचा कालावधी या स्वरूपाची असते.

कायदेशीर पात्रता

अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ नुसार वकील म्हणून नोंदणीसाठी अर्जदार सर्वसाधारणपणे भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि त्याच्याकडे मान्यताप्राप्त विधी पदवी असावी. नोंदणी राज्य विधिज्ञ परिषदेकडे होते. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी एकच परिषद असून तिचे कार्यालय मुंबईत आहे.

विधी पदवीचे दोन मार्ग आहेत. बारावीनंतरचा अभ्यासक्रम ५ वर्षांचा, तर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा ३ वर्षांचा असतो. प्रौढ विद्यार्थी बहुधा आधीच पदवीधर असल्याने ते ३ वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळतात. महाराष्ट्रात या अभ्यासक्रमाचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे होतात. या परीक्षेला कमाल वयोमर्यादा नाही.

सनदेसाठीची वयोमर्यादा (१९९३–१९९५)

भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑगस्ट १९९३ मध्ये एक नियम संमत केला. त्यानुसार वयाची ४५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची वकील म्हणून नोंदणी होणार नव्हती. शासकीय वा अन्य सेवेतून निवृत्त झालेले लोक आपल्या जुन्या ओळखींचा गैरवापर करतात आणि त्यामुळे व्यवसायाची प्रतिमा मलिन होते, अशी भूमिका परिषदेने मांडली होती.

'इंडियन कौन्सिल ऑफ लीगल एड अँड अॅडव्हाइस विरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडिया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये हा नियम रद्द केला. निकालाची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे होती :

• अधिनियमाने किमान वय ठरवले असून कमाल वय ठरवलेले नाही. परिषदेला नियम करण्याचे जे अधिकार दिले आहेत, त्यांत विशिष्ट वयानंतर नोंदणीच नाकारण्याचा अधिकार येत नाही.
• आधी सनद घेऊन नंतर नोकरी पत्करलेली व्यक्ती ४५ वर्षांनंतरही वकिलीकडे परत येऊ शकत होती. प्रथमच सनद मागणाऱ्या त्याच वयाच्या व्यक्तीला मात्र मज्जाव होता. हा भेदभाव संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेच्या तत्त्वाला धरून नव्हता.
• उशिरा येणाऱ्या वकिलांमुळे व्यवसायाचा दर्जा घसरतो, हे दाखवणारी विश्वसनीय आकडेवारी परिषदेने सादर केली नव्हती.

या निकालामुळे सनदेसाठी कमाल वयाचा प्रश्न निकाली निघाला.

प्रवेशासाठीची वयोमर्यादा (२००८ नंतर)

विधी शिक्षण नियम, २००८ मधील तिसऱ्या परिशिष्टाच्या खंड २८ ने वयाची अट सनदेऐवजी प्रवेशाच्या टप्प्यावर आणली. ५ वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सर्वसाधारण प्रवर्गात २० वर्षे आणि ३ वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० वर्षे ही कमाल मर्यादा होती. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांसाठी ती अनुक्रमे २२ आणि ३५ वर्षे होती.

या अटीला अनेक उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले. परिषदेने २०१३ मध्ये ती मागे घेतली. परंतु मद्रास उच्च न्यायालयातील वादानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये परिपत्रक काढून ती पुन्हा लागू केली. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ऋषभ दुग्गल' या प्रकरणात त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील ७७ वर्षांच्या एका महिलेनेही या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पतीच्या निधनानंतर मालमत्तेच्या कायदेशीर बाबी स्वतः हाताळाव्या लागल्याने तिला कायदा शिकण्याची इच्छा झाली होती.

शिक्षणातील अटी

३ वर्षांचा अभ्यासक्रम ६ सत्रांचा असतो. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला आधीच्या पदवीत किमान ४५ टक्के गुण आवश्यक असतात. दूरशिक्षणाने घेतलेली पहिली पदवी चालते. मात्र दहावी, बारावी आणि पदवी हा क्रम पूर्ण झालेला असावा लागतो. बारावी न होता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली व्यक्ती या नियमानुसार पात्र ठरत नाही. मधल्या काळात शिक्षण सुटलेल्या आणि पुढे मुक्त विद्यापीठाच्या मार्गाने पदवीधर झालेल्या स्त्री-पुरुषांना ही अट वयाच्या अटीपेक्षा अधिक जाचक ठरते.

विधी पदवी स्वतः मात्र दूरशिक्षणाने घेता येत नाही. सनदेसाठी नियमित वर्गांतून घेतलेली पदवीच ग्राह्य धरली जाते. प्रत्येक विषयाच्या वर्गांना सर्वसाधारणपणे ७० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. अभिरूप न्यायालय, मसुदालेखन यांसारखे प्रात्यक्षिक विषय आणि प्रशिक्षणकाळ हेही अनिवार्य आहेत. त्यामुळे नोकरी करत असलेल्या व्यक्तीला वर्गांच्या वेळा आणि कामाच्या वेळा यांचा मेळ घालावा लागतो. निवृत्त व्यक्तीला ही अडचण येत नाही.

नोकरी व अन्य व्यवसाय

परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरीत असताना विधी पदवी घेता येते. सनद घेऊन वकिली करायची तर नोकरी सोडावी लागते किंवा निवृत्तीपर्यंत थांबावे लागते. निवृत्तिवेतन हे नोकरीचे चालू वेतन नसल्याने ते घेणाऱ्या व्यक्तीस या नियमाची आडकाठी नाही.

अन्य व्यवसायाबाबतचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातील आहे. डॉ. हनिराज चुलानी हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होते. विधी पदवी घेतल्यानंतर त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सुरू ठेवून सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेने आपल्या नियमांच्या आधारे ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये परिषदेचा नियम वैध ठरवला. वकिलीला पूर्ण लक्ष द्यावे लागते, एकाच वेळी दोन व्यवसायांना न्याय देता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. १९९५ आणि १९९६ चे हे दोन निकाल एकत्र वाचल्यास असे दिसते, की व्यवसाय उशिरा बदलण्यास कायद्याची हरकत नाही. दोन व्यवसाय एकाच वेळी करण्यास आहे.

नोंदणी शुल्क आणि परीक्षा

राज्य परिषदा कायद्यात नमूद रकमेपेक्षा कितीतरी अधिक नोंदणी शुल्क घेत असत. 'गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी आकारणी बेकायदेशीर ठरवली. त्यानुसार सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये एवढेच नोंदणी शुल्क घेता येते.

२००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवीधर झालेल्यांना वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला. या परीक्षेलाही कमाल वय नाही.

सनद मिळाल्यानंतरच्या मर्यादा

वकिलीत वयाला अडथळा नसला, तरी पुढील काही पदांसाठी वय आणि वकिलीचा कालावधी यांची सांगड घातलेली आहे.

• कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश : या पदाच्या भरतीला कमाल वयोमर्यादा असते. शिवाय मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्यापुढील भरतीसाठी किमान ३ वर्षांची वकिली आवश्यक आहे.
• जिल्हा न्यायाधीश : वकिलांमधून थेट नियुक्तीसाठी संविधानाच्या अनुच्छेद २३३ नुसार किमान ७ वर्षांची वकिली लागते.
• उच्च न्यायालयाचे न्यायाधीश : वकिलांमधून नियुक्तीसाठी १० वर्षांची वकिली लागते आणि निवृत्तीचे वय ६२ आहे. त्यामुळे पन्नाशीनंतर सनद घेणाऱ्यास हा मार्ग जवळजवळ बंद असतो.
• नोटरी : सर्वसाधारण प्रवर्गातील वकिलाला किमान १० वर्षांचा अनुभव लागतो.

सुरुवातीच्या काळातील उत्पन्न ही आणखी एक मर्यादा आहे. नवा वकील बहुधा एखाद्या अनुभवी वकिलाकडे ज्युनिअर म्हणून काम शिकतो. परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. उशिरा आलेल्या व्यक्तीला आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या वकिलाच्या हाताखाली शिकण्याची तयारी ठेवावी लागते. दुसरीकडे महसूल, बँक, सहकार, बांधकाम, वैद्यक किंवा शिक्षण खात्यातील पूर्वानुभव त्या त्या विषयाच्या दाव्यांत उपयोगी पडतो.

केवळ लोकांना कायदेविषयक मदत करण्याची इच्छा असल्यास सनद आवश्यकच असते असे नाही. विधी सेवा प्राधिकरणांच्या विधी स्वयंसेवक योजनेत निवृत्त शिक्षक, निवृत्त शासकीय कर्मचारी आणि ज्येष्ठ नागरिक यांना पदवीशिवाय सहभागी होता येते.

ऐतिहासिक उदाहरण

नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली. त्या काळी स्त्रियांना पदवी दिली जात नसल्याने प्रत्यक्ष पदवी त्यांना १९२२ मध्ये मिळाली. भारतात १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मुभा दिल्यानंतर, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी कलकत्ता येथे वकिली सुरू केली. त्यांचा उशीर इच्छेचा नव्हता, नियमांचा होता.

हे सुद्धा पहा

• अधिवक्ता अधिनियम, १९६१
• भारतीय विधिज्ञ परिषद
• अखिल भारतीय बार परीक्षा
• कॉर्नेलिया सोराबजी
• प्रौढ शिक्षण