स्वयंचालक आणि वेग

१९१४ सालीं पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरीनें दोन्ही हात वर करून विमान उडतें ठेविलें आणि स्वयंचालक जगासमोर आला. पण हा सेवक सांगितलें तेवढेंच करतो. टर्बोप्रॉप विमान उतरतांना वेग राखावयास सांगितल्यास तो उतार कमीजास्त करतो. उताराचा दर नेमून दिल्यास वेग वैमानिकानेंच इंजिनाच्या शक्तीनें सांभाळावयाचा.

१२ फेब्रुवारी २००९ रोजीं अमेरिकेंत बफेलोजवळ डॅश-८ जातीचें एक विमान उतरतां उतरतां २३०० फुटांवर सपाट झालें. शक्ति कमीच राहिली. उंची राखण्यासाठीं स्वयंचालक नाक वर करीत गेला. वेग घटत गेला. अखेर इशारा होऊन स्वयंचालक सुटला, तेव्हां कप्तानानें दांडा पुढें ढकलण्याऐवजीं मागें ओढला. ५० जीव गेले. सेवकानें आज्ञा मोडली नव्हती. धन्यांची नजर वेगमापकावरून ढळली होती.