केडगावचा आश्रय

सन 1882 मध्ये पती निवर्तले तेव्हा ज्यांची कन्या मनोरमा वर्षाचीही झालेली नव्हती, त्या पंडिता रमाबाईंनीच पुढे 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडावे, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते. कारण परगृहीचे दास्य किंवा भिक्षा यांवाचून अनाथ विधवेस मार्ग क्वचितच उरे, आणि लेकरू पदरी असल्यास तेही दुष्कर होई. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणिलेल्या शेकडो स्त्रिया-मुलींना केडगावी आश्रय देताना त्यांनी शेती, विणकाम, तेलघाणी, इतकेच नव्हे तर छापखान्यातील खिळे जुळविण्याचे कामही शिकवून त्यांच्या चरितार्थाचा कायमचा बंदोबस्त आरंभिला. त्यांच्या धर्मप्रसारावरून पुण्यात वादळ उठले, हे खरे. तथापि या कार्यास आमच्या सुधारणेच्या इतिहासात अग्रस्थान दिलेच पाहिजे.