रिकाम्या कनेक्शनांचा बंदोबस्त

डेटाबेसशी कनेक्शन जोडणे आज इतके सुलभ झाले आहे की, कामावाचून ते टिकवून धरण्यालाही मोल पडते याचे सहज विस्मरण होते; परंतु संगणकाच्या इतिहासात या मोलाचा हिशेब प्रत्येक पिढीला नव्याने मांडावा लागलेला आहे.

आयबीएमने १९६९ मध्ये सीआयसीएस ही व्यवहार हाताळणारी प्रणाली विक्रीस आणली, तेव्हा मेमरी अत्यंत दुर्मिळ होती; म्हणून पडद्यासमोरचा मनुष्य विचार करीत असेल तेवढा काळ त्याच्या नावे काहीही अडवून न ठेवता, त्याने कळ दाबताच साधने द्यावीत आणि उत्तर उमटताच ती परत घ्यावीत, ही शिस्त तिच्या वापरात रुजली. पुढे १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कली येथे पोस्टग्रेस या डेटाबेसचा आराखडा मांडला, त्यात रचनेच्या सोयीसाठी प्रत्येक कनेक्शनामागे एक स्वतंत्र प्रोसेस नेमली गेली. कचेरीत आलेल्या प्रत्येक पक्षकारामागे एक कारकून तैनात करावा आणि पक्षकार स्वस्थ बसून राहिला तरी कारकुनाने जागा सोडू नये, तशातला हा प्रकार होता. मोजक्या वापरकर्त्यांच्या त्या काळात हा खर्च कोणाला जाचला नाही.

तो जाचू लागला वेबच्या आगमनानंतर. १९९३ च्या सुमारास प्रचारात आलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी नवी प्रोसेस सुरू होई आणि तिला नवे कनेक्शन उघडावे लागे. त्यावर उपाय म्हणून काही कनेक्शने आधीच उघडून पूलमध्ये राखण्याची प्रथा पडली व पूर्वी अपव्यय मानली गेलेली रिकामी कनेक्शने गंगाजळी ठरली. तथापि असा पूल बाळगणारे वीस ॲप्लिकेशन सर्व्हर प्रत्येकी वीस कनेक्शने राखू लागले की चारशेंची मागणी उभी राहते, आणि पोस्टग्रेसची मूळची मर्यादा तर शंभराचीच. स्काइपच्या एस्टोनियातील अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला पीजीबाउन्सर हा या पेचातून निघालेला मध्यस्थ होय. त्याच्या ट्रान्झॅक्शन पद्धतीत व्यवहार संपताच डेटाबेस सर्व्हरकडील कनेक्शन दुसऱ्या गरजवंताच्या हाती जाते.

क्लाउडने हा प्रश्न अधिक बिकट केला. ॲमेझॉनने २००९ मध्ये आरडीएस ही डेटाबेसची सेवा आणि २०१४ मध्ये मागणीनुसार फंक्शन चालवणारी लॅम्डा ही सेवा सुरू केली. लॅम्डातील फंक्शन दोन कामांच्या मध्ये गोठवले जाते, त्यामुळे आपले कनेक्शन बंद करण्याचे भानही त्यास उरत नाही, आणि डेटाबेस मात्र त्याची वाट पाहत राहतो. २०२० मध्ये सर्वांसाठी खुला झालेला आरडीएस प्रॉक्सी हा त्यावरचा इलाज, म्हणजे पुन्हा एक मध्यस्थच. शिवाय वाटेवरच्या यंत्रणांची मुदत निराळी : ॲमेझॉनचा नॅट गेटवे ३५० सेकंद निःशब्द राहिलेले कनेक्शन विसरून जातो, लिनक्स मात्र मुळात ७,२०० सेकंदांनंतरच समोरचे टोक जिवंत आहे का याची पहिली चौकशी करते, आणि मायएसक्यूएल आठ तास थांबते, म्हणून रात्रभर शांत असलेल्या ॲप्लिकेशनची सकाळची पहिलीच मागणी मृत कनेक्शनावर आदळते.

सर्वांत घातक ते कनेक्शन, जे व्यवहार अर्धा ठेवून निजते. कारण त्याच्यामुळे घेतलेली कुलुपे सुटत नाहीत आणि पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूमला जुन्या नोंदी झाडता येत नाहीत. अशा कनेक्शनास मुदत घालण्याची सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीत आली. निव्वळ रिकाम्या कनेक्शनाची मुदत २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत आली, आणि त्याच आवृत्तीत रिकाम्या कनेक्शनांचा इतरांवर पडणारा भारही पुष्कळ हलका झाला.

या साऱ्या उपायांच्या मुळाशी सीआयसीएसचीच शिस्त आहे : वस्तू जवळ असणे आणि तिचा उपयोग चालू असणे यांत भेद करावा. डेटाबेस सर्व्हर किंवा गेटवे यांनी कनेक्शन तोडले, तर ते कामाच्या मध्येच हाती तुटून येते. ॲप्लिकेशनने आपण होऊन सोडले, तर काम पुरे झाल्यावरच सुटते. म्हणूनच ॲप्लिकेशनच्या पूलची मुदत वाटेवरच्या प्रत्येक मुदतीहून काही सेकंदांनी कमी ठेवावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. मध्यस्थ कितीही नेमले, तरी ज्याने घेतले त्याने वेळेत परत करावे, ही जबाबदारी कोणावरही सोपवता येत नाही.