काट्याला दोन डिस्प्ले का असतात?

लोहारा (जि. धाराशिव) परिसरात सोयाबीन हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. माल विकताना शेतकऱ्याच्या हाती किती पैसे पडणार, हे काट्यावरच्या आकड्यावर ठरते. तो आकडा फक्त व्यापाऱ्यालाच दिसला तर? म्हणूनच अनेक इलेक्ट्रॉनिक काट्यांना दोन्ही बाजूंना डिस्प्ले असतो.

नियम काय सांगतो?

वजन-मापांविषयीच्या ‘ओआयएमएल’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आर-७६ शिफारशीनुसार, ग्राहकांना थेट विक्री करताना वापरल्या जाणाऱ्या किंमत दाखवणाऱ्या काट्यावर वजन विक्रेता आणि ग्राहक दोघांनाही एकाच वेळी दिसले पाहिजे. ग्राहकाकडील डिजिटल आकडे किमान ९.५ मिलिमीटर उंच हवेत. भारतात वैधमापन अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे.

आत काय घडते?

ठरावीक कामासाठी यंत्रातच बसवलेल्या संगणकाला ‘एम्बेडेड सिस्टीम’ म्हणतात. साध्या काट्यात बहुधा ऑपरेटिंग सिस्टीम नसते. एक छोटी चिप एकच आकडा दोन्ही डिस्प्लेंना पाठवते.

बिलिंग मशीनमध्ये मात्र अनेकदा अँड्रॉइड किंवा लिनक्स असते. तिथे दोन पद्धती आहेत :

- मिररिंग : दोन्ही स्क्रीनवर तेच चित्र.
- स्वतंत्र स्क्रीन : दुकानदाराला मालाची यादी, ग्राहकाला वजन आणि रक्कम. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१२ साली ४.२ आवृत्तीपासून आली.

स्वतंत्र स्क्रीनला जास्त मेमरी लागते. फुल एचडी स्क्रीनच्या (१९२० × १०८०) एका चित्रासाठी प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर सुमारे ८३ लाख बाइट लागतात. दुसरी स्क्रीन तेवढीच असेल, तर ही गरज दुप्पट होते.

मर्यादा कुठे आहे?

स्वतंत्र स्क्रीनवर काय दिसावे, हे ॲप ठरवते. ॲपने आकडा वेळेत बदलला नाही, तर ग्राहकासमोर जुनाच आकडा राहू शकतो. शिवाय दोन्ही आकडे सारखे असले, तरी वजन बरोबर आहे असे सिद्ध होत नाही; काटाच चुकीचा असेल, तर दोन्हीकडे तीच चूक दिसेल.

काय तपासावे?

- माल ठेवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना शून्य आहे का?
- वजन स्थिर झाल्यावर आकडे जुळतात का?
- पडताळणी प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का? इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी आवश्यक असते.

शंका असल्यास जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे तक्रार करता येते.